पंपाचं नाव रोज निघतं

आमच्या टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात एकदा फार मोठ्या टाळ्या पडल्या. त्या कशामुळे पडल्या, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्या दिवशी खोलीत एकाच माणसाने टाळी वाजवली नाही. त्याच्या हातात चहाचा कप होता म्हणून, अशी समजूत मी इतकी वर्षं स्वतःची घालत आलो आहे.

लिहायचं आहे ते त्या माणसाविषयी. नाव सांगणार नाही. आमच्या कंपनीच्या वार्षिक अहवालांत ते दर वर्षी नव्या तऱ्हेने चुकवून छापलं गेलं, त्यात माझी भर नको. सगळे त्याला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. तो मलावीचा. त्सुकुबाच्या विद्यापीठात मातीवर डॉक्टरेट करत होता. एकदा आमच्याकडे भाषणाला आला, आपल्या गावाबद्दल, तिथल्या पाण्याबद्दल बोलला, आणि आमच्या बुचोंचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, मन द्रवलं. जपानी कंपनीचं मन द्रवलं की समिती स्थापन होते. तशी ती झाली.

समितीत मला घेतलं, कारण मी भारतीय. "भारतात खेडी असतात ना," बुचो म्हणाले. असतात. मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वाढलो. खेडं पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. पण आमच्या ऑफिसात 'नाही' हा शब्द भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यासारखा आहे. असतो सगळीकडे, काढत कुणी नाही. मीही काढला नाही. शिवाय मला इंग्रजी आणि जपानी दोन्ही येत असल्यामुळे दुभाष्याचा खर्च वाचला.

सेन्सेईची एक लकब होती. बैठकीच्या आधी आम्ही गावाकडून आलेले फोटो भिंतीवर लावायचो. तो हात पाठीमागे बांधून, कमरेत वाकून, एकेका फोटोपाशी नाक नेऊन बघायचा. बराच वेळ बघायचा. मग ताठ व्हायचा आणि म्हणायचा, "फोटो छान आलाय." बुचो खूश होऊन मान लववायचे. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, जी खोटं बोलत नाहीत आणि खरं ऐकवतही नाहीत. त्याचा जोर 'फोटो'वर असायचा, हे माझ्या लक्षात आलं ते डब्यांच्या वेळी.

डब्यांची गोष्ट अशी. कचऱ्याचं वर्गीकरण हा जपानचा धर्म आहे आणि धर्माचा प्रसार करावासा वाटणं साहजिक. समितीने गावाला वेगवेगळ्या रंगांचे, घट्ट झाकणांचे कचऱ्याचे डबे पाठवले. प्रत्येकावर मोठ्या डोळ्यांचा, गालांवर लाली असलेला एक हसरा पाण्याचा थेंब, समितीचं बोधचिन्ह. जळणारा कचरा यात, बाटल्या त्यात. ज्या गावात रिकामी बाटली म्हणजे संसारातली वस्तू, तिथे हे गेलं. काही दिवसांनी फोटो आले. डबे घराघरांत, भिंतीशी नीट मांडून ठेवलेले, लखलखीत.

"कचरा दिसतच नाही!" बुचो म्हणाले.

"अजिबात नाही," सेन्सेई म्हणाला. "फोटो छान आलाय."

लिफ्टमध्ये मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मक्याचं पीठ ठेवलंय त्यात. झाकणं फार चांगली आहेत. उंदीर जाम वैतागलेत तुमच्या कंपनीवर." अहवालात छापलं गेलं की गावातला कचरा जवळजवळ नाहीसा झाला. ते खरंच होतं. तो आधीही नव्हता.

तेव्हापासून तो आमच्या घरी यायला लागला. पहिल्या दिवशी बायकोने तांदळाची उकड केली होती. त्याने एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हा आमचा न्सिमा. फक्त शिकून आलेला." न्सिमा म्हणजे त्यांच्याकडची मक्याच्या पिठाची घट्ट उकड, रोजचं जेवण. बायको त्यावर जी भाळली ती भाळलीच. तिला काय म्हणायचं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वहिनी. "मग तू कोण?" "भाऊ." तेव्हापासून मी भाऊ. ऑफिसात सगळ्यांसमोरसुद्धा तो मला भाऊ म्हणायचा आणि लोकांना वाटायचं, हे माझं टोपणनाव असावं.

"सेन्सेई, अजून वाढू?" बायको विचारायची.

"वहिनी, 'नाही' मला जपानीत येतं," तो म्हणायचा. "तुमच्या भाषेत अजून शिकलो नाही."

अशाच एका जेवणात त्याने सांगितलं की गावात पाणी समिती झाली आहे आणि त्याची थोरली बहीण तिची प्रमुख आहे. आम्ही बसवलेल्या हातपंपाची जबाबदारी तिच्याकडे. "ती कुणाला घाबरत नाही," तो म्हणाला. "लहानपणी मलाही नाही घाबरली, आणि मी तर फार आरडाओरडा करायचो."

पंप उत्तम होता. जपानी बनावटीचा. इतका उत्तम, की तसा दुसरा त्या अख्ख्या देशात नव्हता. याचा अर्थ काय होतो हे समितीत कुणाला कळलं नाही. मला कळायला हवं होतं. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीचा सुटा भाग मिळेना म्हणून वडिलांना शहरभर हिंडताना मी पाहिलं होतं. पण मी जपानात आल्यावर डोंबिवलीत शिकलेलं बरंच काही विसरलो, आणि जे विसरायला हवं होतं, म्हणजे साहेबासमोर मान डोलावणं, ते तेवढं घट्ट धरून ठेवलं.

आता तो टाळ्यांचा दिवस. बुचोंच्या निवृत्तीचा महिना होता. त्यांच्या शेवटच्या बैठकीत गावाशी थेट व्हिडिओवर बोलायचं ठरलं. कोपऱ्यात फुलांचा गुच्छ कागदात गुंडाळून तयार. कंपनीचे अध्यक्ष स्वतः हजर. मला कराराच्या नोकरीतून कायम करायची शिफारस बुचोंनी केली होती आणि तिच्यावर सही करणारे तेच अध्यक्ष. सेन्सेई पाहुण्यांच्या खुर्चीत. खरं तर बहिणीची भाषा ते थेट जपानी, असा सरळ रस्ता त्याच्या तोंडात होता. पण पाहुण्याला काम सांगायचं नसतं. म्हणून तिथला एक कार्यकर्ता तिचं बोलणं इंग्रजीत सांगणार, आणि त्याचं जपानी मी करणार.

पडद्यावर एक उंच बाई आली. डोक्याला फडकं, पाठीला पोर. बुचोंनी विचारलं, "पंप कसा आहे?"

ती बोलली. थांबून थांबून, स्पष्ट. कार्यकर्त्याने इंग्रजीत सांगितलं. पंप बंद पडून बराच काळ झाला. आतलं रबर झिजलंय. तसं रबर इथे कुठल्याच बाजारात नाही. आम्ही पुन्हा ओढ्याचं पाणी भरतो, मुलं आजारी पडताहेत. बायका रोज पंपाचं नाव काढतात, त्याच्याशिवाय कसं होणार म्हणतात. तुम्ही आता वाचनालय बांधणार असं ऐकलं. वाचनालय नंतर बांधा. आधी ते रबर पाठवा.

सगळे माझ्याकडे बघत होते. बुचोंचे डोळे आधीच ओले. जपानात याला हवा वाचणं म्हणतात: न बोललेलं ओळखायचं आणि खोलीतल्या हवेला धक्का लागू द्यायचा नाही. मी हवा वाचली. इतकी सुंदर वाचली, की मला जन्मतःच जपानी असल्याचं प्रमाणपत्र द्यायला हरकत नव्हती.

मी म्हणालो, "त्या म्हणतात, गावात पंपाचं नाव रोज निघतं. पंपाशिवाय आपलं कसं होणार, असं बायका बोलतात. आणि वाचनालयाचाही विषय त्यांनी आपणहून काढला."

बघा, यात एकही शब्द खोटा नाही. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत काळजीपूर्वक केलेलं भाषांतर.

टाळ्या पडल्या. बुचोंनी रुमाल काढला. गुच्छ आणला गेला. पडद्यावरच्या बाईला टाळ्यांचा अर्थ कळेना. मग तिला वाटलं असावं की रबर येणार. ती हसली. तो फोटो आमच्या स्वागतकक्षात अजून आहे.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. सेन्सेईने तिन्ही भाषांतलं ऐकलं होतं. तो रागावला नाही. रागावला असता तर मी काहीतरी बोललो असतो: बुचोंची शेवटची बैठक, अध्यक्ष, नंतर एकांतात सांगणारच होतो वगैरे. सगळं तयार होतं. तो आकड्यांकडे बघत म्हणाला, "ती बोलणार नव्हती. देणाऱ्यांच्या तोंडावर कसं सांगायचं म्हणाली. मीच म्हटलं, बोल. तिथे माझा माणूस आहे."

खाली आल्यावर त्याने मला आडनावाने हाक मारली, पुढे परक्यांसाठीचं आदराचं 'सान' लावून. "छत्री विसरू नका," म्हणाला. बस्स.

नंतर एकांतात मी कुणालाही सांगितलं नाही. मी कायम झालो. वाचनालय झालं. त्याने त्सुकुबाजवळच्या शेतीयंत्रांच्या एका दुकानात ते रबर शोधून काढलं, टपालाने पाठवलं. ते तिकडच्या कस्टममध्ये अडकलं. गावाचा एक अख्खा कोरडा हंगाम ओढ्यावर गेला. पाठीवरच्या त्या पोराला हगवण लागली होती, वाचलं, एवढं मला कळलं. तेही त्याच्याकडून नाही, त्या कार्यकर्त्याच्या अहवालातून. त्या अहवालाचं जपानीही मीच केलं. तिथेही 'मुलांच्या आरोग्याकडे गाव लक्ष देऊन आहे' असं लिहिलं. एकदा हात बसला की बसतो.

"सेन्सेई येत नाहीत हल्ली?" बायको विचारायची.

"थीसिस," मी म्हणायचो.

पदवी मिळाल्यावर तो परत निघाला तेव्हा मी त्सुकुबाला गेलो. खोली आवरलेली, बॅग उघडी. परतताना माणसं चॉकलेटं नेतात, किटकॅट नेतात. याच्या बॅगेत रबरी चकत्या होत्या, गाठोडीच्या गाठोडी, मोज्यांत भरलेल्या. मी माफी मागायला गेलो होतो. तोंडातून निघालं ते, "वजनात बसेल ना सगळं?"

"बसेल," तो म्हणाला. मग मला बसायला स्टूल दिलं, चहा दिला. निघताना दारापर्यंत आला आणि म्हणाला, "वहिनींना सांगा, उकडीची आठवण येईल." वहिनी त्याने ठेवली होती. भाऊ नव्हता.

पंप आता चालतो. तसा फोटो आला आहे. त्याची बहीण दांडा दाबते आहे, पाणी घागरीत पडतं आहे, आणि कडेला तो उभा आहे, हात पाठीमागे बांधून, वाकून, धारेकडे बघत. कंपनीने खाली छापलं, 'आमचा प्रकल्प आजही सुरू'. नवीन बुचोंनी मला विचारलं, हा कोण? मी म्हटलं, गावातला असेल.

समितीत मी अजून आहे. बैठका त्याच खोलीत होतात. पुढच्या गावालाही तसलाच पंप बसवायचं चाललं आहे.

त्या बाई त्या दिवशी जे बोलल्या ते, एक शब्द इकडचा तिकडे न करता, त्याच खोलीत उभं राहून मला जपानीत सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.