महादेवदादाचा अंगठा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. फादरलासुद्धा नाही. आम्ही वसईचे, कन्फेशनला जाणारे लोक. दर ईस्टरआधी मी दोहाच्या चर्चमध्ये रांगेत उभा राहतो, गुडघे टेकतो, मिस्सा चुकवली, आईला फोनवर थाप मारली, असलं सगळं भडाभडा ओकतो. पण हे सांगायची वेळ आली की दातखीळ बसते. चार वर्षं झाली. आज तुला सांगतो. मध्ये काही विचारू नकोस — थांबलो तर पुन्हा बोलणार नाही.

आधी हसून घे, कारण सुरुवात हसण्यासारखीच आहे. कतारमध्ये, अल खोर गावाच्या पुढे, वाळवंटात, वसईचा एक पोरगा घोड्यावर बसून डोक्याभोवती दोरी गरगरवतोय! तेवीस वर्षांचा होतो. कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे दिवसभर कागदांना नंबर द्यायचे. आमचा सुपरवायझर वेन अमेरिकन, टेक्ससचा. त्याच्या ओळखीच्या एका कतारी माणसाचं फार्म होतं आणि तिथे वेन दर शुक्रवारी सकाळी टीम रोपिंग शिकवायचा. दोन स्वार, एक गोऱ्हा. पहिल्याने शिंगांत फास टाकून गोऱ्ह्याला वळवायचं, दुसऱ्याने मागच्या पायांत टाकायचा. फास बसला की हातातली दोरी खोगिराच्या पुढच्या खुंटीला झटकन गुंडाळायची आणि घोडा थांबवायचा. झालं. एवढंच? अरे, गवताच्या गासडीत खोचलेल्या प्लास्टिकच्या डोक्याला फास घालायला मला दोन महिने लागले! घोड्यावरून इतक्यांदा पडलो की सोमवारपर्यंत ऑफिसात उभ्यानेच काम करायचो. पण वेड लागलं होतं. कागदांपलीकडे मी पहिल्यांदाच कुणीतरी होतो.

महादेवदादा त्या फार्मवर घोडे सांभाळायचा. सांगोल्याकडचा, पस्तिशीचा, गावी बायको आणि दोन मुली. हिंदी कामापुरती, इंग्रजी शून्य. वेनचं बोलणं मी त्याला मराठीत सांगायचो आणि त्याचं वेनला इंग्रजीत. मला चेष्टेने ‘आल्विनराव’ म्हणायचा. शुक्रवारी माझ्यासाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून ठेवायचा, आणि मी मासे खाणारा माणूस ती चटणी बोटं चाटून खायचो.

एकदा वेनने गंमत म्हणून त्याच्या हातात दोरी दिली. तिसऱ्या फेकीला फास बसला. लहानपणापासून खोंडं धरलेला माणूस तो — गोऱ्हा पाय कधी उचलणार हे त्याला आधीच कळायचं. मला म्हणाला, “आरं, तू पायाकडं बघतूयास. कमरंकडं बघ, मग पाय कळतोय.” हे लक्षात ठेव हं. त्याला जे येत होतं ते त्याने मला न मागता सांगितलं.

थंडीत फार्मच्या मालकाकडे पाहुणे येणार होते. वेन त्यांना रोपिंग दाखवणार होता. शिंगांचा फास वेनचा, पायांना एकच माणूस हवा होता. मी वसईला सगळ्यांना सांगून बसलो होतो की तो मीच. आईने तर शेजारणींनाही सांगितलं होतं. आणि गुरुवारी ऑफिसात वेन म्हणाला, महादेव करेल.

मला हेवा वाटला. नुसता हेवा नाही, राग. शेण काढणारा माणूस माझ्या जागी? हो, हेच शब्द मनात आले. ज्याची भाकरी खाल्ली त्याच्याबद्दल.

पुढे वेनने मला एक काम सांगितलं. तोवर दादाने फक्त फास टाकले होते, दोरी खुंटीला कधी गुंडाळली नव्हती. उद्याच्या सरावात तो पहिल्यांदा गुंडाळणार, म्हणून घोड्यावर बसायच्या आधी त्याला अंगठ्याचं समजावून सांग — मी तुला जसं दाखवलं तसं, हातात दोरी देऊन, दहादा. गुंडाळताना अंगठा वर. कायम वर. खाली राहिला तर दोरी आणि खुंटीच्या मध्ये सापडतो, तिकडे गोऱ्ह्याची ओढ, इकडे घोड्याची, आणि अंगठा खलास. हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. वेनचा स्वतःचा अंगठा अर्धा आहे. पहिल्याच दिवशी त्याने तो माझ्या नाकासमोर धरला होता.

शुक्रवारी सकाळी दादा घोड्याचा पट्टा आवळत होता. त्याने आपणहून विचारलं, “आल्विनराव, गुंडाळताना काय ध्यानात ठिवायचं?”

मी म्हणालो, “काही नाही दादा. झटकन गुंडाळायचं.”

वेनने लांबून विचारलं, सांगितलंस? मी मान डोलावली.

मला काय हवं होतं? दोरी निसटेल, तळहात सोलेल, वेन वैतागून म्हणेल — यल्ला, चल आल्विन, तूच बस घोड्यावर. एवढंच हवं होतं. असं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय! पण मग तो अर्धा अंगठा मला आठवत नव्हता का? आठवत होता. ‘काही नाही’ म्हणताना तोच डोळ्यांसमोर होता.

पहिल्या फेरीत दोरी निसटली. दुसऱ्या फेरीत फास चोख बसला, मी बघितलेल्यांत सगळ्यात सुंदर. दादाने दोरी गुंडाळली आणि घोडा थांबवला. खाली उतरला, हाताकडे बघितलं आणि वाळूत शोधायला लागला. मीही शोधायला लागलो. मलाच सापडला, हातमोज्याच्या तुटलेल्या तुकड्यात. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जोडता येणार नाही.

चार दिवसांनी फार्मच्या मॅनेजरने दादाचा जबाब इंग्रजीत लिहून मागितला. लिहिणार कोण? मीच. कागदांचा माणूस ना मी! दादाच्या खोलीत, त्याच्या खाटेवर बसून मी त्याच्या तोंडी लिहिलं: ‘मला आधी नीट सूचना दिली होती, माझ्या चुकीने मी ती पाळली नाही.’ मग ते त्याला मराठीत वाचून दाखवलं. वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “सांगितलंवतंस व्हय? तू सांगितलं आसशील रं. माझंच ध्यान नसंल.”

त्याला सही येते. पण उजव्या हाताला बँडेज होतं, म्हणून त्याने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. शाईचं पॅड मी धरलं होतं.

पाहुण्यांसमोर पायांचा फास मी टाकला. गोऱ्ह्याच्या कमरेकडे बघत टाकला आणि बसला. गुंडाळताना अंगठा वर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आईला व्हिडिओ पाठवला. दादाला पुढच्या महिन्यात गावी पाठवलं, कारण त्या हाताने फावडं धरता येईना. एअरपोर्टला सोडायला मीच गेलो. तिथे त्याने माझ्याच खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, सायबाला सांग, माझ्यामुळं त्यांना खाली बघावं लागलं, माफी करा म्हणावं. मी तेही वेनला सांगितलं. शब्द न शब्द, बरोबर भाषांतर करून.

अजून तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून मेसेज पाठवतो. परवाचा मेसेज थोरल्या मुलीचा होता, म्हणजे तिच्याबद्दलचा. ती शिवणाच्या कारखान्यात मशीनवर लागली आहे. दादा म्हणत होता, “तिला सांगितलंय, मशीन शिकिवणाऱ्या बाईचं नीट ऐकत जा. तुझ्या बापाला आल्विनरावांनी चांगलं समजावलंवतं, बापानं ऐकलं न्हाई.”

मी ते दोनदा ऐकलं. मग लिहिलं, “बरोबर सांगितलंत, दादा.” आणि पाठवलं.