एकाच घरातले दोन उमेदवार

मँचेस्टरला आल्यावर पहिल्याच वर्षी मी राजकारणात पडले, ते शेजारच्या काकांमुळे. काका मूळचे नागपूरचे, रिटायर्ड डॉक्टर, आणि कौन्सिलच्या निवडणुकीला उभे होते. दर रविवारी काकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर लीफलेट्स टाकायला नाही म्हणणं मला जमलं नाही.

काकांचा मुद्दा एकच होता: आमच्या भागातला जुना स्विमिंग पूल बंद होऊ द्यायचा नाही. त्या पूलमध्ये काकू साठीनंतर पोहायला शिकल्या होत्या. काका प्रत्येक दारात हे असं सांगायचे, जणू त्यांनीच शिकवलं. लोकांना ते आवडलं आणि काका निवडून आले.

काही महिन्यांनी ते सत्ताधारी पक्षात गेले, म्हणजे ज्यांना पूल बंद करायचा होता त्यांच्यातच. तिथे त्यांना एका समितीचं अध्यक्षपद मिळालं. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला बसवून शांतपणे समजावलं.

"अगं, बाहेरून ओरडून काय होतं? आत बसलं की पूल वाचवता येतो."

"आणि नाही वाचला तर?"

"तर निदान आपला माणूस आत होता, एवढं तरी समाधान."

काकू इस्त्री करत होत्या.

पूल बंद करायचा ठराव आला तेव्हा काकांनी बाजूने हात वर केला. मी काकूंबरोबर पब्लिक गॅलरीत होते. भाषणात काका म्हणाले, पाणी कुठेही सारखंच असतं. परतताना ट्राममध्ये काकूंनी विचारलं, "पुढच्या निवडणुकीला लीफलेट्स टाकशील ना गं?" मला वाटलं, काकांची.

उभ्या त्या स्वतः राहिल्या, काकांनी सोडलेल्या पक्षाकडून, काकांच्याच विरोधात. घराच्या दोन खिडक्यांत दोन पोस्टरं लागली. काका सकाळी काकूंच्या हातचा चहा पिऊन त्यांच्याविरुद्ध प्रचाराला निघायचे. गाडी एकच असल्यामुळे आधी काकूंना त्यांच्या रस्त्यावर सोडायचे. एका इंग्रज आजींनी दारात काकांना प्रेमाने सांगितलं, "यंदा तुमच्या मिसेसना मत देणार आहे." काका सवयीने थँक यू म्हणाले.

काकू जिंकल्या. काकांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या आणि भेटेल त्याला सांगितलं, "जागा आमच्याच घरात राहिली."

पूल काही उघडला नाही, तिथे आता फ्लॅट होतायत. काकूंनी भांडून शेजारच्या भागातल्या पूलपर्यंत थेट बस तेवढी सुरू करून घेतली आणि त्या आता तिथे पोहायला जातात.

मग काकांनी जुन्या पक्षात परत यायची इच्छा दाखवली. त्यासाठी बैठक त्यांच्याच घरी झाली. चहा काकांनी केला, मग त्यांना किचनमध्ये थांबवून मतं घेतली. काकूंनी विरोधात हात वर केला आणि आत जाऊन सांगितलं, "अहो, तुम्ही अजून थोडा विचार करा."

हल्ली काका तिसऱ्याच पक्षाच्या सभांना जातात. नुसतं ऐकायला, असं म्हणतात.