नातीला होडीसाठी बघायला आले

गौरी-गणपतीला मुलगा-सून-नात मुंबईहून आमच्या गावी, कापड्याला येतात. नात बारावीला आहे आणि समुद्रात शिडाच्या होड्यांच्या शर्यती खेळते. या खेपेला येताना तिचा जीव टांगणीला लागलेला. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या संघात तिला जायचं होतं. वर्षभर तिनं शर्यतींचे व्हिडिओ पाठवले होते आणि आता तिथली कोचबाई तिला फोनवर समोरासमोर बघणार होती. तेही नेमकं आमच्या घरी, दिवेलागणीला.

बघणार म्हटल्यावर मी पदर खोचला. हे काम मला नवं थोडंच होतं? पडवीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथं धुतलेली चादर अंथरली. पोह्यांची बशी फोनला दिसेल अशी ठेवली.

"विचारतील तेवढंच बोल गो. मान खाली ठेव. आणि होडी उलटली-बिलटली ते काढू नको."

"आजी, मान खाली घातली तर तिला वाटेल मी झोपले."

कोचबाई टोपी घालून आली. सून माझ्या कानाशी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. बाईंचा पहिलाच प्रश्न, हरलेली एखादी शर्यत सांग. आणि पोरीनं सांगितली की! वारा फिरला, हिनं हट्ट केला, होडी उलटली, जोडीदारीण शिडाखाली अडकली. मग तिला ओढून काढलं, होडी सरळ केली आणि सगळ्यांच्या शेवटी पोचली. मी कपाळाला हात लावला.

"आई, हात खाली घ्या, दिसतंय त्यांना!" सून कुजबुजली.

मला बघायला आले तेव्हा मी असलं काही बोलले नव्हते. स्वयंपाक येतो का विचारल्यावर ऐटीत मान हलवली. येत होता फक्त भात, तोही खालून करपलेला. नवऱ्या मुलाच्या पायाची नखं तेवढी पाहिली. त्याची थोरली वहिनी सोबत आली होती, ती सारखी माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. मी शहाणी खूश, हिला माझी साडी आवडली! लग्न होऊन आले तेव्हा कळलं, बिचारी सांगत होती की घर डोंगरावर आणि पाणी पार खाली आहे.

इकडे कोचबाई म्हणाली, तू मला संघात हवी आहेस, मी कॉलेजकडे तुझ्यासाठी शब्द टाकते. तुला काही विचारायचंय?

नातीनं विचारलं. सून मराठी सांगायची थांबली, तिचा चेहराच उतरला. मी कोपरानं ढोसलं तेव्हा बोलली, "म्हणतेय, तुमच्या संघातल्या पहिल्या वर्षाच्या मुलीशी मला बोलायचंय. तुम्ही नसताना."

मोडलं, मी मनात म्हटलं. सासरी पाऊल टाकायच्या आधी तिथल्या सुनेला एकटीला गाठून विचारायचं? हे कुणाला सुचतं तरी कसं? कोचबाई मात्र हसली आणि तिनं एका मुलीचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी नात फोन कानाला लावून बांधावरून येरझाऱ्या घालत होती. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. मी पडवीतून बघत होते, कामाला हातच लागेना.

परत आली ती गंभीर होऊन. "थंडीत हात फुटतात म्हणे. पहिलं वर्ष जवळजवळ दुसऱ्यांच्या होड्या पाण्यात उतरवण्यातच जातं. ती रडली पण होती."

"मग?"

"मग मी विचारलं, सोडून का नाही आलीस? तर ती तिथल्या वाऱ्याबद्दल बोलायला लागली आणि थांबेचना."

"तुला भीती नाय वाटली गो, त्या बाईला तसं विचारताना? नाय म्हणाली असती तर?"

"वाटली ना. पण तिकडे चार वर्षं मी राहणार आहे, आजी."

तिनं तिथंच पायरीवर बसून कोचबाईला लिहिलं, हो, मी येते.