‘दुसरी रांग’चे संपादक

पडद्यावर नायक आला की टायपिंगवाले सर डावा तळहात डोळ्यांसमोर धरीत. एक डोळा मिटून, हात थोडा पुढे नेऊन, नायक नेमका झाकला जाईल अशा बेताने. मग उरलेल्या पडद्यावर जे कोणी दिसे ते पाहत: पानठेल्यावरचे गिऱ्हाईक, कोर्टातला चपराशी, नायिकेच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवणारे पाहुणे. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्या मागच्याच ओळीत बसले होते. गृहस्थांच्या डोळ्यांना काही विकार असावा, अशी माझी समजूत झाली.

वाशीमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. हे गृहस्थ बसस्थानकामागे टायपिंगचे वर्ग चालवतात आणि ‘दुसरी रांग’ नावाचे द्वैमासिक काढतात, हे मला पुढे समजले. चित्रपटात ज्यांना नाव मिळत नाही अशा माणसांसाठी ते द्वैमासिक होते. सर एखादा चेहरा स्टेन्सिलवर रेखाटत, चित्रपटातला प्रसंग खाली टाइप करत आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढून टपालात टाकत. हा माणूस कोण, एवढाच प्रश्न असे. सोलापूर, नांदेड, खांडवा असे कोठूनकोठून वाचक उत्तरे पाठवीत. मी वर्गणीदार झाले. स्वतः लिहिण्याचे धैर्य मला नव्हते. मुद्रिते मात्र तपासून देई. त्या निमित्ताने त्यांच्याकडे माझे जाणेयेणे सुरू झाले.

घरातही त्यांची नजर दुसऱ्या रांगेवरच असे. काकू एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “लग्नाच्या फोटोतबी ह्यायले मी दिसत नाही, म्याडम. मांगं उभा असलेला वाढपी दिसते.” सर शांतपणे म्हणाले, “त्याच्या हातात बुंदीची परात हाय. तुह्या हातात काय हाय?”

या माणसाचा एक नियम मात्र अतिशय कडक होता. एकमेकांचे न ऐकलेल्या दोघांनी तेच नाव सांगितल्याशिवाय ते चेहऱ्याखाली नाव छापत नसत. त्याला ते ‘दोन साक्षी’ म्हणत. अंक दोन महिन्यांनी निघे, उत्तरे थेट त्यांच्याकडे येत, त्यामुळे एकाने काय लिहिले हे दुसऱ्याला कळायला मार्गच नव्हता. कित्येक चेहरे वर्षानुवर्षे बिनानावाचे राहिले. “राहू द्या,” ते म्हणत. “बिनानावाचा माणूस बिनानावाचाच मरते. पण दुसऱ्याचं नाव लावून कोणाले मारू नका.”

पुढे टायपिंगच्या वर्गात मुले येईनाशी झाली. सरांचाच जुना विद्यार्थी प्रवीण याने गावात संगणकाचे दुकान थाटले आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट आणले. त्याने सरांना पटवले की अंक वेबवर टाकला तर टपाल नको, शाई नको आणि वाचक जगभरचे. मराठी अक्षरे इतरांच्या पडद्यावर नीट उमटत नसत. म्हणून सर पूर्वीसारखेच पान तयार करीत आणि प्रवीण त्याचे स्कॅन चढवी. कागदी अंक थांबला. ज्यांच्याकडे संगणक नव्हता त्या वर्गणीदारांना सरांनी निरोपाची कार्डे धाडली. त्यावर आलेली रागाची उत्तरे त्यांनी वाचली आणि ती कोणालाही दाखवली नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी किन्हीराजाच्या सुमनताई आल्या. पंचेचाळिशीच्या, शेती करणाऱ्या. पिशवीत एक व्हिडिओ कॅसेट. त्या लहान असताना त्यांचे वडील घर सोडून मुंबईला गेले आणि परत आले नाहीत. तुरुंगात मेले असे गाव म्हणे. सुमनताईंनी मात्र वडिलांना टीव्हीवर एका जुन्या चित्रपटात पाहिले होते.

“हा पाहा माहा बाप,” पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. हॉटेलच्या प्रसंगात एक उंच माणूस चहाचा ट्रे घेऊन नायकामागून जात होता. “गावानं मले येडी ठरवली. सासूनं मरेपर्यंत कैद्याची पोरगी म्हटलं. तुमी छापून द्या, मी गावाले दाखवतो.”

सरांनी कॅसेट मागे-पुढे करून तो चेहरा पुन्हा पुन्हा पाहिला. “बाई, तुमची एक साक्ष झाली. आता तुमाले न ओळखणारा दुसरा पायजे.”

“भेटंल का?”

“पाहू.”

त्यांनी चेहरा रेखाटला आणि पान प्रवीणकडे दिले. दोन दिवसांनी आम्ही त्याच्या दुकानात गेलो, तर तो हसतच सामोरा आला. प्रतिक्रियांच्या जागी तीस-चाळीस जणांनी ‘होय, हेच’ असे लिहिले होते. सर चष्मा सारून वाचू लागले आणि मध्येच थांबले. चित्राखाली सुमनताईंच्या वडिलांचे नाव, गाव आणि मुलीचे म्हणणे, सगळे ठळक छापलेले होते.

“हे कोणं टाकलं?”

“मीच सर. खाली रिकामं दिसून राह्यलं होतं, म्हणून बाईचं म्हणणं टाकून देलं.”

“मंग आता हे लोक काय पाहून हो म्हणतात? चेहरा का नाव?”

प्रवीणला त्यात काही बिघडले असे वाटेना. मलाही क्षणभर वाटले नाही. सरांनी मात्र ते पान तेव्हाच काढायला लावले.

बातमी सुमनताईंपर्यंत गेली होती. त्या पेढे घेऊन वर्गात आल्या, आणि सरांचे ऐकून पेढ्यांचा पुडा हातातच राहिला.

“चाळीस लोक हो म्हणून राह्यले, अन् तुमचंच एकट्याचं नाही काहून?”

“ते तुमच्या बापाले ओळखून हो नाही म्हणत, बाई. तुमचं वाचून म्हणतात. उद्या गावातला एखादा विचारीन, यातल्या कोणं पाह्यलं होतं त्याले? मंग काय सांगसान?”

“कायले सांगू? छापेल हाय, हे दाखवीन.”

“छापेल हाय म्हणून लोक खरं मानतात. त्याचंच तं मले भेव वाटते.”

“तुमाले कागदाची पडली हाय,” सुमनताई म्हणाल्या. “मले बापाची.” पुडा टायपिंगच्या यंत्रावर ठेवून त्या निघून गेल्या. सर कितीतरी वेळ त्या पुड्याकडे पाहत बसले. त्यांचा नियम मला तेव्हा प्रथमच निष्ठुर वाटला.

काही दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतले. टेबलावर जुन्या वर्गणीदारांच्या पत्त्यांचा ढीग होता. ते म्हणाले, “म्याडम, ज्यायच्या घरी संगणक नाही, त्यायनं हे पान पाह्यलंच नाही. साक्ष आता तेच देऊ शकतात.” ज्यांना आम्ही निरोपाची कार्डे धाडली होती, त्यांनाच आता चित्र पाठवायचे होते. सरांनी पुन्हा स्टेन्सिल कापली: फक्त चेहरा, खाली वर्गाचा दूरध्वनी क्रमांक, बाकी काही नाही. पाकिटांवर पत्ते मी लिहिले.

बहुतेकांनी उत्तर दिले नाही. काहींनी ओळखत नाही असे कळवले. मग एका दुपारी फोन आला. सोलापूरचे नाना बोलत होते. पूर्वी स्टुडिओत कपडेपट सांभाळणारे. आवाज इतका चढा की सरांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि मलाही सगळे ऐकू आले.

“दुसरी रांग का? अंक बंद केलात आणि आता चित्रं पाठवता होय? नाना मेला की जगला, चौकशी केलीत का वर्षभरात?”

“चुकलं, नाना. चित्र पाह्यलं का?”

“पाहिलं. नाक बिघडवलंय तुम्ही त्याचं.”

“कोण हाय?”

“म्हणजे? तुम्हांला माहीत नाही?”

“मले तुमच्या तोंडून पायजे.”

“अहो, नामदेव! तुमच्या वाशीमकडचाच. किन्ही का काहीतरी गाव. ट्रेवाला म्हणायचे त्याला सगळे. दहा रीटेक झाले तरी कप हिंदकळायचा नाही.”

सुमनताईंनी सांगितलेले नाव हेच होते. सरांनी रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला. “हाय का ते?”

“नाही. गेला. माझ्याच खोलीत गेला.” पलीकडचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “बाकीचं फोनवर सांगायचं नाही. त्याचं कोणी असेल तर पाठवून द्या.”

एका पानाचा अंक निघाला. चेहऱ्याखाली नाव, नावाखाली दोन साक्षी. तो घेऊन सर आणि मी एसटीने किन्हीराजाला गेलो. सुमनताईंनी पाणी दिले, पण बसायला खाट पुढे केली नाही. अंक त्यांनी उभ्यानेच वाचला.

“हे सोलापूरवाले, माह्या बापाले पाह्यलं यायनं?”

“एका खोलीत राहत होते दोघं.”

त्यांनी अंक खाटेवर ठेवला आणि पदराने तोंड पुसले. “पत्ता द्या त्यायचा.”

तूर घरात आल्यावर त्या सोलापूरला गेल्या, एवढे आमच्या कानांवर आले. नानांनी त्यांना काय सांगितले ते आम्हांला कळले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. उन्हाळ्यात वाशीमच्या बसस्थानकावर त्या अचानक भेटल्या. हातात औषधांची पिशवी होती.

“कोण आजारी हाय?” सरांनी विचारले.

“नाना. त्यायले इकडंच आणलं. तिकडं एकटेच पडून होते.” मग त्या हसल्या. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते. “गावाले जे इचाराचं ते आता त्यायलेच इचारते. पारावर बसून बापाच्या गोष्टी सांगतात. अर्ध्या खोट्या असतीन, पण गाव आयकते.”

किन्हीराजाची गाडी लागली होती. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरत होते.

“मंग नानाचा अंक कोन्या पत्त्यावर पाठवाचा?” त्यांनी विचारले.

त्या दिवसापर्यंत कागदी अंक पुन्हा सुरू करण्याबद्दल ते एक शब्दही बोलले नव्हते.

“पाठवा माह्याच घरी,” पायरीवर पाय ठेवत सुमनताई म्हणाल्या. “पण दोन पाठवा. नाना त्यायच्या अंकाले मले हात लावू देत नाहीत.”

प्रवीणने चढवलेली पाने काही वर्षांनी, वेबवर फुकटची जागा देणारी कंपनी बंद पडली तेव्हा, कोणाला न कळता नाहीशी झाली. किन्हीराजाला मात्र सर होते तोवर दोन अंक जात राहिले.