पायरीवरची भाजीवाली

भोरला आमच्या इमारतीला लागून सार्वजनिक बोळ आहे. बाजाराच्या दिवशी हिर्डोशीकडची एक बाई त्या बोळातल्या आमच्या पायरीवर बसून टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या विकायची. बसताना पदरानं पायरी पुसायची, उठताना देठ वेचून न्यायची. नाव मी कधी विचारलं नाही.

पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून आम्ही पायरीच्या कडेला गुडघाभर उंच लोखंडी फळी बसवली. पाणी चढलं की लावायची, एरवी काढायची, असं ठरलं होतं. काढघालीचा कंटाळा म्हणून मी ती पावसाळाभर बोल्टनं पक्की करवली. आम्ही ओलांडून जायचो. तिची जागा गेली.

डोक्यावरची पाटी न उतरवता ती म्हणाली, "आण्णा, पानी कवातरी येतंय, म्या दर बाजाराला येती. पयलं मलाच आडवलं व्हय?" आणि हसली.

ती आपणहून गेली, असं शेजारी अजून म्हणतात. तसं मीच सांगितलं होतं. ते खोटं आहे.

त्या पावसाळ्यात पाणी फळीच्या काठापर्यंत चढलं, आत थेंब आला नाही. नंतर ती एसटी स्टँडबाहेर चिखलात बसलेली दिसली. मी नजर चुकवली, तर तिनंच हाक मारली, "आण्णा, घरात पानी न्हाई ना शिरलं?"

"नाही."

"बरं झालं," म्हणत ती जुडीवर उडालेला चिखल नखानं खरवडू लागली.