मेथीची काडी

दुपारचं जेवण अंगावर येतं आणि शैलजा दिवाणावर आडवी होते, पाच मिनिटं म्हणून. दाराशी गोष्टीच्या पुस्तकांचा गठ्ठा सुतळीनं करकचून बांधलाय. पाच वाजता रद्दीवाला येणार. ऋजुताला नववीत गणितात मार्क कमी पडले आणि क्लासच्या सरांनी फर्मान काढलं, अवांतर वाचन बंद. बंद तर बंद, म्हणाली शैलजा. सकाळपासून लेक तिच्याशी बोलत नाही.

डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरात कुणीतरी मेथी निवडतंय. अक्का. शैलजाची आई. जाऊन सहा वर्षं झाली, पण बसलीय नेहमीसारखी, एक गुडघा वर करून.

"गठ्ठा कुणी बांधला?"

"मी. सर म्हणाले..."

"त्या सराला माझ्यापुढं उभा कर. बघते त्याच्याकडं."

फरशी सारवलेली जमीन होते, ओट्याच्या जागी चूल. शैलजाच्या अंगात शाळेचा फ्रॉक आहे आणि हातात पुस्तक. "माझे हात गुंतलेत," अक्का म्हणते, "वाच पुढं."

अक्काला अक्षरओळख नव्हती. म्हणून तर चारी भावंडं पाळीपाळीनं तिला वाचून दाखवायची. थांबायचं झालं की ती पानात मेथीची काडी घालायची.

शैलजा वाचते. कंटाळून अर्धं पान गाळते, लहानपणी गाळायची तसंच.

"म्हातारी कुलूप तोडते, तो भाग कुठं गेला?"

"हे पुस्तक मी आजच शाळेतून आणलंय. तुला कसं ठाऊक?"

अक्काचे हात थांबत नाहीत. "तू शाळेत गेलीस की मी वाचून काढायची. सातवी पास आहे मी."

शैलजा पुस्तक मिटते.

"मला येतं म्हणाले असते तर तुमच्यापैकी एकानं तरी पुस्तक हातात धरलं असतं का? रेशनच्या दुकानात अंगठा उठवला जन्मभर. तुझ्या बापालासुद्धा पत्ता लागू दिला नाही."

"खोटं बोललीस आमच्याशी." शैलजाला रडू येतं, आणि रागही.

"बोलले. पुन्हा बोलेन. चौघंही वाचायला लागलात की नाही?"

आता चूल क्लासच्या फळ्याखाली पेटलीय. सर खुर्चीत आणि अक्का निवडलेल्या भाजीचं ताट त्यांच्या टेबलावर आदळते. "गणित शिकवायचं तुझं काम, ते तू कर. आमच्या घरात कुणी काय वाचायचं, ते आम्ही बघू." सर मान खाली घालतात.

बेल वाजते. शैलजा उठून दार उघडते. दारात रद्दीवाला उभा आहे, गठ्ठ्याची सुतळी सुटलेली आहे, आणि वरच्या पुस्तकात मेथीची काडी आहे. ओली, हिरवीगार. घरात आठ दिवस मेथी आलेली नाही.

"आज काही नाही," ती त्याला सांगते. "उद्याही येऊ नका."

मग ती वाचायचा चष्मा तांदळाच्या डब्यात खुपसते, पुस्तक घेते आणि लेकीच्या खोलीत जाते.

"ऋजू, चष्मा कुठं गेला कोण जाणे. एवढं एक पान वाचून दाखव गं."

"बंद आहे ना वाचन?"

"सरांचं मी बघते. काडी आहे तिथून वाच."