दावीदच्या गेटासाठी कौटुंबिक प्रार्थना

आमच्या घरात भांडायला सक्त मनाई आहे, म्हणून आम्ही प्रार्थनेत भांडतो.

नियम मार्थाचा, म्हणजे माझ्या बायकोचा. एका रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, घर सिमेंटवर नाही, ख्रिस्तावर उभं राहतं. (मी फॅब्रिकेशनवाला. माझ्या मते थोडं लोखंडही लागतं. पण चर्चमध्ये कोण बोलणार?) मार्थाने ते फारच मनावर घेतलं. त्याच संध्याकाळपासून जेवणाआधी टीव्ही बंद, एक गीत, एक शास्त्रपाठ, मग प्रत्येकाने आपापल्या शब्दांत प्रार्थना. आमेन होईपर्यंत कुणी कुणाला तोडायचं नाही आणि आवाज तर अजिबात चढवायचा नाही.

आता माझा आवाज जन्मतःच चढलेला! नगरहून आलो तेव्हा एक जुनं वेल्डिंग मशीन आणि हा आवाज, एवढंच भांडवल होतं. आज काळेवाडीत स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि चाकणच्या कंपन्यांतले खरेदीवाले साहेब मी भाव बोलायला बसलो की आधी पाणी मागवतात. अर्ध्या चिंचवडला गेट मी पुरवलं. आणि माझा धाकटा भाऊ दावीद मारुंजीत घर बांधतो आणि गेट दुसऱ्याकडून बसवून घेतो! सख्खा भाऊ! घराच्या समर्पणाच्या प्रार्थनेला गेलो, ते गेट पाहिलं आणि रस्त्यावरूनच माघारी फिरलो. तेव्हापासून अबोला.

"घरात रोज प्रार्थना आणि भावाशी अबोला? हे चालायचं नाही," म्हणत मार्थाने त्याला बायकोसकट जेवायला बोलावलं. "आणि ऐका, भाऊजी आज न जेवता उठले, तर उद्यापासून तुमचं ताट वर्कशॉपवर!"

मटण शिजत होतं. गीत झालं, शास्त्रपाठ झाला. कुटुंबप्रमुख म्हणून पहिला मी. डोळे मिटले आणि एकदम लक्षात आलं, आमेनपर्यंत मला कुणीही थांबवू शकत नाही!

"हे प्रभू," मी अत्यंत गोड आवाजात सुरुवात केली, "तू स्वतः सुतारकाम केलंस. तुला कारागिराचं दुःख कळतं. तुझ्या भावाने नाझरेथात घर बांधून दार परक्याकडून आणलं असतं, तर तुला कसं वाटलं असतं? आमेन."

कुकरची शिट्टी. मग दावीद.

"दयाळू पित्या, माझ्या दादाला क्षमा कर. गेट मी आधी त्यालाच सांगितलं होतं. तो म्हणायचा, तू काय घरचाच, आधी गिऱ्हाइकांचं होऊ दे."

"आणि प्रभू," त्याची बायको एस्तेर मधेच घुसली, "तोवर गेटाच्या जागी आम्ही माझी साडी बांधली होती. गल्लीतली कुत्री आमच्या अंगणात व्याली, प्रभू!"

मी एक डोळा किलकिला केला. दावीदचाही एक उघडा!

"प्रभू, काही लोक प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतात."

"प्रभू, ते दादाला दिसलं कसं?"

मार्था खोकली. तो खोकला मी ओळखतो. मग मी सरळ सौद्यावर आलो. "प्रभू, मी सगळं विसरायला तयार आहे. त्याने फक्त कबूल करावं, की ते गेट भंगार आहे."

चटई सरकल्याचा आवाज आला. दावीद उठत होता! माझं ताट मला डोळ्यांसमोर वर्कशॉपकडे जाताना दिसलं.

"बरं, भंगार राहू दे, प्रभू!" मी घाईघाईने उतरलो. "मध्यम? निदान एखादी खोट?"

दावीद खाली बसला. "प्रभू, तुझ्यापासून काय लपवायचं. खालची बिजागरी कुरकुरते."

"कुरकुरणारच!" आनंदाच्या भरात मी उभाच राहिलो. "ग्रीस तरी भरलंय का त्याने? मला फोन का नाही केलास, गाढवा?"

"तू उचलणार होतास?" दावीद म्हणाला. त्याचे डोळे आता पूर्ण उघडे होते. "दादा, ते गेट मला तरी कुठे आवडतंय? त्यातून तू एकदाही आत आला नाहीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (मटणाच्या वाफेतच तिखट जरा जास्त होतं.)

"रविवारी उपासना झाली की येतो," मी पुटपुटलो. "बिजागरी बघायला."

"वहिनी, वाढा," दावीद म्हणाला. "आज जेवूनच जाणार."

"थांबा, माझी राहिलीय," मार्थाने पुन्हा हात जोडले. "हे प्रभू, दोघा भावांना एक केलंस, तुझे आभार. आता एकच मागणं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला ग्रिल नाही. लग्न झाल्यापासून ह्यांना सांगतेय. ह्यांच्याकडून होत नसेल, तर दावीद भाऊजींच्या त्या गेटवाल्याचा फोन नंबर तरी मिळू दे."

"आमेन!" दावीद आणि एस्तेर एका सुरात गरजले. आमच्या घरात इतकं एकदिलाचं आमेन कधीच झालं नव्हतं.

आणि सवयीने मीही म्हणून बसलो!